सुतारखान्यातले हजरत ईसा

आपण पैगंबरांची चित्रे काढत नाही, घरात लावतही नाही. तरी आज एका चित्राविषयी लिहितोय. कारण त्या चित्रावर उठलेला गदारोळ मला फार ओळखीचा वाटला.

चित्र जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचे. 1850 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते लागले, तेव्हा तो अवघा 20 वर्षांचा होता. बाल येशू सुतारखान्यात उभा आहे. खिळा लागून तळहाताला जखम झाली आहे, रक्ताचा थेंब पायावर पडला आहे. आई गुडघे टेकून गाल पुढे करते आहे. आजी पकडीने तो खिळा उपसायला निघाली आहे. लहानगा योहान, म्हणजे आपले हजरत यह्या, वाडग्यात पाणी घेऊन येतो आहे. खाली लाकडाच्या ढलप्या.

मिलेने हे मनाने रंगवले नाही. तो खऱ्या सुतारखान्यात गेला. जोसेफचे डोके त्याच्या स्वतःच्या वडिलांचे, पण अंग एका सुताराचे. राबणाऱ्या माणसाचे स्नायू त्याला हवे होते. मेंढ्यांसाठी खाटकाकडून मुंडकी आणली.

चार्ल्स डिकन्स भडकला. गरिबांच्या दुःखावर कादंबऱ्या लिहिणारा हाच तो डिकन्स! आपल्या साप्ताहिकात त्याने सुतारांना गलिच्छ दारुडे म्हटले. आणि मरियम दारूच्या गुत्त्यातसुद्धा उठून दिसेल इतकी कुरूप ठरवली. कादंबरीत गरीब चालतो, पवित्र घरात मात्र नको. बोभाटा इतका झाला की राणी व्हिक्टोरियाने चित्र पाहायला मागवून घेतले.

मला सूरह फुरकान आठवली. हा कसला रसूल, जो जेवतो आणि बाजारात हिंडतो, असा मक्केतल्या विरोधकांचा आक्षेप तिथे नोंदवला आहे. सूरह माइदा तर ईसा आणि मरियम यांच्याविषयी मुद्दाम सांगते की दोघेही अन्न खात असत. मरियमच्या प्रसूतीच्या कळाही कुरआनने लपवल्या नाहीत.

कुरआनात जोसेफचा उल्लेख नाही. पण हजरत जकरिया सुतार होते, हे सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. चित्रात पाणी घेऊन येणारा मुलगा त्यांचाच.