एकच विमान, जुना संच आणि नवा संच

प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून विमानाची प्रतिकृती करण्याचे संच गेली ऐंशीहून अधिक वर्षे बाजारात आहेत. एकाच विमानाचा १९५०च्या दशकातला संच आणि आजचा संच जुळवून शेजारी ठेवले, तर ही दोन वेगळी विमाने असावीत असे वाटते. पंखाची कड, नाकाचा फुगवटा, पत्र्यावरच्या रेघा, सगळेच वेगळे. विमान तर तेच आहे. मग बदलले काय?

‘माहिती वाढली आणि तंत्र सुधारले’ असे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही, पण पुरेसे नाही. जुन्या संचातली कोणती चूक माहितीच्या अभावाने झाली, कोणती हत्यारांच्या मर्यादेमुळे आणि कोणती निव्वळ कसूर होती, हे वेगळे केल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ नाही. दोन उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण ब्रिटिश ‘स्पिटफायर’चे. हे लढाऊ विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. दुसऱ्या महायुद्धात ते गाजले आणि भारतीय हवाईदलानेही ते वापरले. एअरफिक्स ही कंपनी १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या गृहस्थाने सुरू केली. आधी रबराची खेळणी, मग प्लॅस्टिकचे कंगवे आणि १९५३ मध्ये तिचा पहिला विमान-संच, स्पिटफायरचा, असा तिचा प्रवास झाला. प्रमाण होते १:७२, म्हणजे प्रतिकृतीवरचा एक इंच म्हणजे खरे सहा फूट. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणून प्रतिकृतीचा सुमारे १५६ मिलिमीटर हवा.

या संचाचा आकार बराच चुकलेला होता. खरे विमान पाहायला मिळत नव्हते म्हणून असे झाले का? मुळीच नाही. १९५३ मध्ये ब्रिटिश हवाईदलात स्पिटफायर विमाने अजून उडत होती. पण संच तयार करताना विमानाऐवजी अमेरिकेतील अरोरा कंपनीचा तयार संच समोर ठेवून बरेचसे उचलले गेले. त्यामुळे मूळ संचातल्या चुकाही सोबत आल्या. माहिती उपलब्ध होती, ती घेण्याचे कष्ट घेतले गेले नाहीत. १९६० मध्ये त्याच कंपनीने स्पिटफायरचा नवा संच काढला आणि पुढे आणखीही काढले.

आता पृष्ठभाग पाहा. त्या काळातल्या बऱ्याच संचांवर पत्र्यांचे सांधे उंच रेघांनी दाखवलेले असतात आणि रिव्हेट तर अंगावर पुरळ उठावे तसे. खऱ्या विमानावर सांधा म्हणजे दोन पत्र्यांमधली बारीक फट. स्पिटफायरच्या पंखावरचे रिव्हेट तर पत्र्याशी अगदी सपाट बसवलेले होते. तसे करणे खर्चिक होते. ते खरोखर आवश्यक आहे का, हे ठरवण्यासाठी विमान बनवणाऱ्यांनी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवली आणि विमान उडवून पाहिले. सगळीकडे डाळ असताना वेग ताशी सुमारे २२ मैलांनी घटला. मग डाळीच्या ओळी एकेक करून काढत गेले आणि कुठे गोल डोक्याचे रिव्हेट चालतील ते ठरवले. प्रयोग कसा आखावा याचा हा छान नमुना आहे.

मग संच करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते का? ठाऊक असले तरी साचा वेगळेच सांगत होता. असे संच करताना वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात सोडतात. साचा हा वस्तूचा उलटा ठसा असतो. साच्यात खाच कोरली की प्लॅस्टिकवर उंच रेघ येते. प्लॅस्टिकवर खाच हवी असेल, तर साच्यात उंच रेघ ठेवून तिच्या आजूबाजूचे सगळे पोलाद खरवडून काढायला हवे. हाताने कोरणाऱ्या कारागिराला पहिले काम सोपे, दुसरे फार कष्टाचे. पुढे विद्युत ठिणगीने पोलाद झिजवण्याची पद्धत आली, संगणकाच्या हुकमाने चालणारी कातकामाची यंत्रे आली, आणि खाचेच्या रेघा सर्रास दिसू लागल्या. म्हणजे ही चूक अज्ञानाची नव्हती, हत्याराची होती.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. १९८०च्या दशकात रडारला सहज न दिसणारे विमान अमेरिकेकडे आहे अशी कुजबुज होती. ते होते एफ-११७. १८ जून १९८१ रोजी ते प्रथम उडाले होते, पण सरकार काही बोलत नव्हते. १९८६ मध्ये टेस्टर्स कंपनीने ‘एफ-१९’ नावाचा संच बाजारात आणला. विमानांच्या क्रमांकांत १८ नंतर एकदम २० आला होता, तेव्हा मधला १९ या गुप्त विमानाचाच असणार, असा तर्क होता. संच प्रचंड खपला. संचातले विमान गुळगुळीत, गोलाईचे आणि आत झुकलेल्या शेपट्यांचे होते. १० नोव्हेंबर १९८८ रोजी सरकारने एक धूसर छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा खरे विमान पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे सपाट तुकड्यांचे निघाले.

तर्क मूर्खपणाचा होता का? नाही. रडारच्या लहरी परत न पाठवणारा गोलाईचा आकार शक्य असतो. त्याच महिन्यात जगासमोर आलेले बी-२ हे विमान तसेच गुळगुळीत आहे. पण एफ-११७चा आराखडा १९७०च्या दशकातला. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांच्या १९६२च्या लेखनाचा आधार घेऊन लॉकहीड कंपनीत जी आकडेमोड झाली, ती तेव्हाच्या संगणकाला सपाट तुकड्यांसाठीच झेपत होती. विमानाचे पैलू हे संगणकाच्या मर्यादेचे चिन्ह होते. संच करणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे त्या एका छायाचित्रावरून अनेकांनी आराखडे काढले. त्यांतही पंख किती मागे झुकले आहेत ते चुकले, कारण कॅमेऱ्याच्या कोनामुळे झुकाव कमी दिसत होता. १९९० मध्ये विमान लोकांसमोर आणल्यावरच हा प्रश्न मिटला.

मग आजचे संच तरी अचूक आहेत का? आता काही संचांसाठी संग्रहालयातल्या विमानावर लेसर फिरवून मापे घेतात. तरीही एक साधा गुणाकार करून पाहा. समजा, नव्या संचावरची खाच ०.२ मिलिमीटर रुंद आहे. तिला ७२ने गुणले तर १४.४ मिलिमीटर! एवढ्या फटी असलेल्या विमानात कोणता वैमानिक बसेल? पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर भरेल. याहून फार पातळ करावी तर प्लॅस्टिक साचा भरण्याआधीच थिजू लागते. खाच आणखी बारीक केली तर रंगाच्या थराखाली बुजेल आणि डोळ्यांना दिसणार नाही. म्हणजे नवी खाच हीही एक तडजोडच आहे. फक्त आपली नजर तिला सरावली आहे, म्हणून ती खटकत नाही.

संच हाताशी नसले तरी हा अभ्यास वर्गात करता येईल. शाळेच्या कपाटात जुनी पाठ्यपुस्तके असतात. एकाच धड्यातली एकच आकृती, उदाहरणार्थ सूर्यमालेची, जुन्या आणि नव्या पुस्तकांतून काढा. मुलांना फरक शोधू द्या आणि प्रत्येक फरकापुढे कारण लिहायला सांगा: तेव्हा माहीत नव्हते, छापता येत नव्हते, की पाहिलेच नव्हते? जुन्या चित्रात प्लूटो नववा ग्रह आहे. ती चूक नव्हे. २००६ मध्ये ग्रहाची व्याख्या ठरली तेव्हा तो त्या यादीतून निघाला. म्हणजे चौथा रकाना लागेल. शेवटी नव्या पुस्तकातल्या आकृतीवर फूटपट्टी ठेवून सूर्य-पृथ्वी अंतर आणि सूर्याचा व्यास यांचे गुणोत्तर काढायला सांगा. खरे उत्तर सुमारे १०७ आहे. पुस्तकातले किती येते ते पाहिल्यावर मुले ‘पूर्वीच्या लोकांना कळत नव्हते’ असे म्हणण्याआधी थोडी थांबतील.