एका चर्चचा वार्षिक अहवाल

वार्षिक अहवाल हा वाङ्मयप्रकार माझ्या अजिबात आवडीचा नाही. सोसायटीचा असो, पतपेढीचा असो, नाहीतर ऑफिसातला सेल्फ अप्रेझलचा फॉर्म असो. मागच्या वर्षी आपण काय काय केलं ते भरायचं, जे केलं नाही ते गोल शब्दांत लिहायचं, आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा तेच ठरवायचं. तरीही या वीकेंडला मी सत्तर वर्षं जुना एक अहवाल दोनदा वाचून काढला. तोही एका चर्चचा. आता माझा आणि चर्चचा संबंध म्हणजे नाताळचा केक एवढाच, पण या अहवालाची तारीख बघून मी चमकलो होतो.

तारीख आहे ३१ ऑक्टोबर १९५५. चर्चचं नाव डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च, गाव माँटगोमेरी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याची राजधानी. अहवाल लिहिणारा पाळक २६ वर्षांचा आहे. नोकरीतलं पहिलंच वर्ष संपलंय, आणि त्याने अगदी आपण भरतो तसा हिशोब दिलाय: या चर्चमध्ये ४६ प्रवचनं दिली, बाहेरच्या चर्चेस आणि कॉलेजांमध्ये २० प्रवचनं आणि व्याख्यानं दिली. वर्षभरात २६ पुस्तकं वाचली आणि १०२ मासिकं वाचली. (मासिकं मोजणारा माणूस मला लगेच आपला वाटला.)

पाळकाचं नाव मार्टिन लूथर किंग, ज्युनियर.

आणि यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५५ ला, याच गावात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. पुढचं सगळ्यांना माहीत असतं. मला उत्सुकता होती ती आधीच्या वर्षाची. त्या अहवालात डिसेंबरचा मागमूस नाही, असूही शकत नाही. पण नीट वाचलं तर त्यात माणसांची नावं आहेत, आणि गोष्ट त्या नावांची आहे.

आधी जागा समजून घेऊ. डेक्स्टर अव्हेन्यू हा रस्ता कोर्ट स्क्वेअरपासून निघतो आणि थेट राज्याच्या विधानभवनापाशी जातो. कोर्ट स्क्वेअरला एकेकाळी गुलामांचा लिलाव व्हायचा. विधानभवनात १८६१ साली जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला निघालेल्या बंडखोर राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. आणि त्या विधानभवनाच्या जवळजवळ पायाशी हे विटांचं छोटंसं चर्च. १८७७ साली स्थापन झालेलं, कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांनी उभं केलेलं. मराठी ख्रिस्ती लोक अशा चर्चच्या लोकसमुदायाला 'मंडळी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, तोच वापरतो.

तर ही मंडळी लहान होती, तीनेकशे माणसांची. आणि गावात तिची ओळख 'बड्या लोकांचं चर्च' अशी होती. म्हणजे काय, तर शिकलेले लोक. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या अलाबामा स्टेट कॉलेजमधले प्राध्यापक, शाळामास्तर, थोडेफार धंदेवाले. उपासनेत मोठ्याने 'आमेन' ओरडणं यांना जरा गावंढळ वाटायचं. थोडक्यात सांगायचं तर तुमच्या-माझ्यासारखी माणसं: डिग्री आहे, पगार वेळेवर होतो, आणि हातात आहे ते जाऊ नये एवढीच चिंता. ही चिंता खोटी नव्हती. कॉलेज सरकारी होतं, म्हणजे पगार देणारं सरकार तेच होतं जे यांना बसच्या पुढच्या सीटवर बसू देत नव्हतं.

किंगच्या आधीचे पाळक व्हर्नन जॉन्स म्हणजे एक वल्ली. प्रचंड विद्वान, पण कॉलेजच्या पोरांसमोर खुशाल कलिंगडं आणि भाजी विकायचे. मंडळीची मान शरमेने खाली जायची. जॉन्स म्हणायचे की तुम्ही सगळे वस्तू विकत घेता, पिकवत काहीच नाही. एकदा त्यांनी चर्चबाहेरच्या फलकावर पुढच्या प्रवचनाचा विषय लावला, की माँटगोमेरीत निग्रोला मारणं सुरक्षित आहे. पोलिसांनी बोलावून घेतलं. जॉन्सनी प्रवचन दिलंच. अशा माणसाबरोबर संसार किती दिवस चालणार! ते रागावले की राजीनामा द्यायचे, मंडळी समजूत काढायची, शेवटी १९५२ साली एक राजीनामा मंडळीने स्वीकारून टाकला. पण जॉन्स अगदीच वाया गेले नाहीत. मंडळीच्या सुखवस्तूपणावर त्यांनी झोडलेलं एक प्रवचन ऐकून मेरी फेअर बर्क्स या कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापिका अस्वस्थ झाल्या, आणि १९४६ नंतर त्यांनी उभी केलेली विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही बायकांची संघटना पुढे या गोष्टीत फार मोठं काम करणार आहे.

जॉन्सनंतर मंडळीला एक शांत, नीटनेटका, शिकलेला पाळक हवा होता. सापडला बोस्टनचा पीएच.डी.चा विद्यार्थी. वर्षाला ४,२०० डॉलर पगार ठरला. गावातल्या कुठल्याही कृष्णवर्णीय पाळकापेक्षा जास्त. सप्टेंबर १९५४ मध्ये २५ वर्षांचा किंग रुजू झाला, आणि पहिल्याच रविवारी, ५ सप्टेंबरला, त्याने मंडळीसमोर शिफारशींचं एक लांबलचक टिपण ठेवलं.

हे टिपण वाचून मला जाम हसू आलं, कारण नवीन मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात जे प्रेझेंटेशन देतो ते अगदी हेच. सुरुवातीलाच बजावलंय की पाळकाचा अधिकार वरून खाली येतो, मंडळीकडून वर जात नाही. वीस-पंचवीस वर्षं तिथे राहिलेल्या जाणत्या माणसांना पंचविशीतला पोरगा हे सांगतोय! मला हा भाग आवडला नाही. पण त्यानंतर मात्र कामाचं आहे. सगळे छोटेमोठे निधी बंद, एकच अंदाजपत्रक. सभागृहात गालिचा, गार पाण्याचं मशीन, लाउडस्पीकर, तळघराला रंग. आणि बारा क्लब: जानेवारीत जन्मलेल्यांचा एक, फेब्रुवारीतल्यांचा एक, असे. प्रत्येक सभासद आपोआप एका क्लबात, दर महिन्याला भेटायचं. कल्पना अगदी साधी, पण बघा, कोण श्रीमंत कोण गरीब, कोण कुठल्या घराण्यातला, हे सगळं बाजूला राहिलं. वाढदिवसाचा महिना कुणाच्या हातात नसतो.

मग समित्या. नवीन सभासदांसाठी एक, शिष्यवृत्तीसाठी एक, सांस्कृतिक एक. आणि एक 'सामाजिक व राजकीय कृती समिती'. हिचं काम काय, तर मंडळीतल्या प्रत्येकाने मतदार म्हणून नाव नोंदवावं आणि एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासद व्हावं, यासाठी मागे लागणं. आज हे बुळबुळीत वाटेल. पण माँटगोमेरी परगण्यात १९५४ साली मतदानाच्या वयाचे सुमारे ३०,००० कृष्णवर्णीय होते आणि नोंदणी झालेले २,००० पेक्षा थोडे जास्त. हे आकडे किंगनेच नंतर दिलेत. मत द्यायला आधी दरवर्षीची पट्टी भरायची, न भरलेल्या वर्षांची थकबाकी भरायची, वर गोऱ्या कारकुनासमोर प्रश्नपत्रिका सोडवायची. नापास कुणाला करायचं ते कारकुनाच्या मर्जीवर.

या समितीच्या अध्यक्ष कोण? मेरी फेअर बर्क्स. सहअध्यक्ष? जो अ‍ॅन रॉबिन्सन, त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि बर्क्सबाईंनंतर १९५० पासून विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या अध्यक्ष. सभासदांमध्ये रूफस लुईस. हे गृहस्थ आधी फुटबॉलचे कोच, आणि मतदार नोंदणीचं वेड इतकं की त्यांनी चालवलेल्या सिटिझन्स क्लबात मतदार यादीत नाव असल्याशिवाय प्रवेश नसे!

रॉबिन्सनबाईंचं थोडं अजून सांगायला हवं. १९४९ च्या नाताळच्या सुट्टीत त्या जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे बसल्या म्हणून ड्रायव्हर अंगावर धावून आला होता. तो अपमान त्या विसरल्या नाहीत. २१ मे १९५४ ला, म्हणजे किंग रुजू होण्याच्या तीन-चार महिने आधी, त्यांनी गावच्या महापौरांना पत्र लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर गावातल्या पंचवीसहून जास्त संस्था बसवर बहिष्कार टाकायच्या विचारात आहेत. म्हणजे बहिष्काराची कल्पना किंगच्या डोक्यातून निघाली असं जे आपल्याला वाटतं, ते तितकंसं खरं नाही. किंगने केलं ते एवढंच, की ज्या बायका हे काम आधीच करत होत्या त्यांना मंडळीत अधिकृत जागा दिली, यादीत नाव दिलं, आणि मागे आख्खी मंडळी उभी केली. माझ्या मते हे 'एवढंच' पुष्कळ आहे.

आता तो अहवाल. वर्षभर समितीने दर पंधरवड्याला पत्रक काढलं, निवडणुकीआधी सभा घेतल्या, मतदार नोंदणीसाठी माणसांना तयार केलं. एनएएसीपीला देणगी देण्यात डेक्स्टर गावातल्या सगळ्या चर्चेसच्या पुढे होतं. किंग स्वतः दररोज सकाळी तीन तास आणि रात्री तीन तास प्रबंध लिहीत होता, जूनमध्ये पीएच.डी. मिळाली. मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या मुलीला सीट न सोडल्याबद्दल अटक झाली तेव्हा अधिकाऱ्यांना भेटायला गेलेल्या मंडळींत तो होता. ऑगस्टमध्ये त्याला एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या कार्यकारिणीवर घेतलं. तसं कळवणाऱ्या पत्रावर शाखेच्या सेक्रेटरीची सही आहे: रोझा पार्क्स.

आणि मग नोव्हेंबर. १७ तारखेला पहिली मुलगी झाली. त्याच सुमारास शाखेचं अध्यक्षपद घेण्याबद्दल विचारणा झाली तर किंग नाही म्हणाला. घरात तान्हं बाळ, चर्चचं काम वाढलेलं, आता आणखी काही नको. मला हा माणूस इथे सगळ्यात जास्त कळतो. पहिलं वर्ष चांगलं गेलंय, जरा स्थिरावू या, एवढीच त्याची इच्छा आहे.

१ डिसेंबरच्या रात्री रॉबिन्सनबाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेल्या आणि रात्रभर सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये बसू नका. कागद सरकारी, मशीन सरकारी, पकडलं असतं तर नोकरी गेली असती. सकाळी वर्ग घेतला आणि मग वाटायला बाहेर पडल्या. वाटप इतक्या झटपट झालं कारण कौन्सिलच्या बायका वस्त्यावस्त्यांत आधीपासूनच होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळक आणि पुढारी जमले ते डेक्स्टरच्या तळघरात. गावाच्या मध्यावर, सगळ्यांना सोयीचं. मग चर्चच्या मशीनवर आणखी ७,००० पत्रकं निघाली आणि शनिवारी दुपारच्या आत बायका-पोरांनी ती नेलीसुद्धा.

५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. दुपारी नवी संघटना स्थापन झाली, आणि अध्यक्षपदासाठी किंगचं नाव सुचवलं रूफस लुईसने. तीन आठवड्यांपूर्वी एक अध्यक्षपद नाकारलेल्या माणसाला विचार करायला वेळच मिळाला नाही. पुढे तीनशेच्या आसपास खाजगी गाड्यांची जी व्यवस्था उभी राहिली तिची समितीही सुरुवातीला लुईसकडेच. संघटनेचं वार्तापत्र रॉबिन्सनबाई काढायच्या. म्हणजे समितीतल्या तीनांपैकी दोन नावं इथेच सापडतात. ३८१ दिवस बहिष्कार चालला. ३० जानेवारी १९५६ ला किंगच्या घरावर बाँब पडला, बायको आणि बाळ आत होते, सुदैवाने वाचले. सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर १९५६ मध्ये आला.

चर्चचं काय झालं? मंडळीने पाळक गमावला, हळूहळू. किंग आता देशभर फिरत होता, १९५९ मध्ये महिनाभर भारतात आला (मुंबईत मणिभवनात राहिला होता), आणि रविवारची प्रवचनं दुसरेच कुणीतरी देत. २९ नोव्हेंबर १९५९ ला त्याने मंडळीला सांगितलं की मी अटलांटाला जातोय. पाच वर्षांपूर्वी शांत पाळक हवा होता त्या मंडळीने हे सगळं निभावून नेलं होतं.

किंमत मात्र गावात राहिलेल्यांनी मोजली. फेब्रुवारी १९६० मध्ये अलाबामा स्टेटचे विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. राज्यपालांच्या दबावाखाली नऊ जणांना काढून टाकलं, आणि मग नजर प्राध्यापकांकडे वळली. इतिहासाचे प्राध्यापक लॉरेन्स रेडिक, जे किंगबरोबर भारतात आले होते, त्यांना जूनमध्ये बडतर्फ केलं. त्याच वर्षी बर्क्सबाई आणि रॉबिन्सनबाई दोघींनी राजीनामे दिले आणि गाव सोडलं. बर्क्सबाई मेरीलँडमध्ये शिकवायला गेल्या. रॉबिन्सनबाई एक वर्ष लुइझियानात आणि मग लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत, १९७६ पर्यंत. त्या रात्रीच्या पत्रकांची हकीगत त्यांनी सविस्तर लिहिली ती १९८७ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकात, तेव्हा त्यांचं वय ७५ होतं.