महिषासूर कुणाच्या नजरेने पाहायचा?

1956 च्या नागपूर दीक्षेत आपण देवदेवतांची पूजा नाकारली. म्हणून त्यांची चित्रेही पाहायची नाहीत, असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. मला हे पटत नाही. आपण पूजा सोडली, चिकित्सा नव्हे.

तैयब मेहता (1925-2009) यांचे उदाहरण घ्या. दाऊदी बोहरा कुटुंबातला, मुंबईत वाढलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार. 1947 च्या दंगलीत जमावाने एका माणसाला ठार केलेले त्यांनी मोहम्मद अली रोडवरच्या घरातून पाहिले. ती हिंसा त्यांच्या चित्रांतून कधीच गेली नाही. पाय बांधलेला बैल आणि कोसळणारा माणूस या त्यांच्या प्रतिमा आहेत. 1970 च्या 'कूडल' या लघुपटासाठी ते कॅमेरा घेऊन वांद्र्याच्या कत्तलखान्यात गेले. 1969 च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर तिरकी रेघ आली आणि शरीराचे तुकडे झाले.

नव्वदच्या दशकात त्यांनी महिषासूर रंगवला. कॅलेंडरवरच्या चित्रात देवी वर, असुर पायाखाली आणि छातीत त्रिशूळ असतो. कुणाची बाजू घ्यायची हे आधीच ठरलेले असते. मेहतांच्या चित्रात देवी आणि महिष एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे चटकन वेगळे करता येत नाही. छायाप्रकाश नाही, दागिने नाहीत, सपाट रंगांचे मोठे पट्टे आहेत. भक्तीला जागाच उरत नाही, उरतो तो प्रश्न.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त अवतारकथा जेत्यांचा इतिहास म्हणून उलगडल्या आणि बळीराजाला न्यायी राजा म्हणून उभे केले. शेताच्या बांधावरच्या म्हसोबाचे नाते त्यांनी बळीच्या राज्यातल्या अधिकाऱ्याशी, 'महासुभा'शी जोडले. पुढे दा. ध. कोसंबींनी म्हसोबा आणि महिषासूर यांचा संबंध दाखवला. ज्याला पुराणाने राक्षस ठरवले, त्याला कष्टकऱ्यांनी शेंदूर लावून जपले.

मेहता फुलेवादी होते असा दावा मी करत नाही. जातीचा प्रश्न त्यांच्या चित्रांत थेट येत नाही. आणि 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचा 'महिषासूर' 15 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, तेव्हा चर्चा किमतीचीच झाली. बांधावरच्या म्हसोबाची आठवण कुणाला झाली?

ती आठवण करून देणे हे आपले काम आहे. चित्रापुढे हात जोडू नका, पण पाठही फिरवू नका. समोर उभे राहून विचारा: कथा कुणाची, सांगितली कुणी, आणि पायाखाली कोण आहे?

जय भीम!