मत्स्यगंधा : जलपरीच्या आधीची जलकन्या

१/१० सिंधुदुर्गातील आंबोलीच्या दाट झाडीत एका गुहेतून झरा बाहेर पडतो आणि समोरच्या कुंडात साठतो. तेथेच पार्वतीचे मंदिर आहे. देवीचे आणि तेथे उगम पावणाऱ्या नदीचे नाव एकच : हिरण्यकेशी, म्हणजे सोनेरी केसांची. पाण्यातली सोनेरी केसांची स्त्री म्हटली की आजच्या तरुण वाचकाला मात्र देवीआधी जलपरी आठवते.

२/१० ही जलपरी त्याला भेटते ती किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्यांत. शेपटी लपवताना तारांबळ उडणारी मुलगी, किनाऱ्यावरचा भाबडा मुलगा, थोडे गैरसमज आणि गोड शेवट. या कादंबऱ्यांची पणजी म्हणजे डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३७ मध्ये लिहिलेली छोट्या जलपरीची कथा.

३/१० ती कथा मुळीच हलकीफुलकी नव्हती. पाय मिळावेत म्हणून जलपरी आपली जीभ कापून देते. प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखे दुखते. राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. १९८९ च्या डिस्ने चित्रपटाने तिला आवाज परत दिला आणि तिचे लग्नही लावले. प्रश्न मात्र तोच राहिला : पाण्यातून जमिनीवर येताना मुलीने काय सोडायचे?

४/१० महाभारताच्या आदिपर्वात हा प्रश्न फार पूर्वी येऊन गेला आहे. अद्रिका नावाची अप्सरा शापामुळे यमुनेत मासोळी झाली. तिच्या पोटात जुळी मुले सापडली. राजा उपरिचर वसूने मुलगा ठेवून घेतला आणि मुलगी धीवरांच्या प्रमुखाकडे सोपवली. तिला शेपटी नव्हती, पण अंगाला मासळीचा वास होता. म्हणून ती मत्स्यगंधा. तिचे दुसरे नाव सत्यवती.

५/१० ती यमुनेवर होडी चालवत असे. पराशर ऋषींनी होडीतच तिची अभिलाषा धरली, तेव्हा ती गप्प बसली नाही. दोन्ही काठांवरून लोक पाहत आहेत, हे तिने सुनावले. ऋषींनी धुके निर्माण केले. आपल्या कौमार्याचे काय, घरी कोणत्या तोंडाने जायचे, हेही तिने विचारले. ते अभंग राहील असे वचन मिळाले. वर मागताना तिने सुगंध मागितला. नदीतल्या बेटावर तिला पुत्र झाला : कृष्णद्वैपायन व्यास.

६/१० आता ती योजनगंधा झाली. त्याच सुगंधाचा माग काढत राजा शंतनू तिच्यापर्यंत पोहोचला. येथे कथा वळण घेते. पराशरांपुढे स्वतः बोलणारी सत्यवती विवाहाच्या वाटाघाटीत बोलत नाही. बोलतात ते तिचे पालक पिता. तिच्याच मुलाला राज्य मिळावे, ही त्यांची अट. तिची किंमत चुकवली शंतनूच्या आधीच्या मुलाने, देवव्रताने. त्याने राज्य सोडले, आजन्म ब्रह्मचर्य पत्करले आणि तो भीष्म झाला.

७/१० अँडरसनच्या जलपरीने आवाज दिला, सत्यवतीने गंध. मासळीचा वास हा तिच्या जन्माचा, घराचा आणि श्रमाचा वास होता. मालवणच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या गाबीत वस्तीत त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्याला पुराणकथा वर म्हणते, ती आपल्या वस्तीची खूण पुसली जाणेही होते. राजवाड्याची वाट त्यानंतरच मोकळी झाली.

८/१० पण पुसलेले परत आले. चित्रांगद आणि विचित्रवीर्य हे तिचे दोन्ही राजपुत्र निपुत्रिक वारले. जिच्या विवाहासाठी ती प्रतिज्ञा झाली, त्याच सत्यवतीला भीष्मांकडे ती मोडण्याची विनवणी करावी लागली. भीष्मांनी नकार दिला. तेव्हा तिने होडीच्या दिवसांतले गुपित स्वतः उघड केले आणि व्यासांना बोलावले. कुरुवंश पुढे चालला तो नदीच्या बेटावर जन्मलेल्या मुलामुळे.

९/१० मराठी रंगभूमीने १९६४ मध्ये तिला पुन्हा मध्यभागी आणले. वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक धी गोवा हिंदू असोसिएशनने सादर केले. संगीत मूळच्या मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींचे. पराशर झाले रामदास कामत, सत्यवती झाल्या आशालता वाबगावकर. आदिपर्वात ऐन विवाहाच्या वाटाघाटीत मुकी राहिलेली ही जलकन्या रंगमंचावर गाऊ लागली.

१०/१० आंबोलीच्या कुंडाचीही एक गोष्ट आहे. तेथे सापडलेली माशाची नवी प्रजाती २०२० मध्ये जगासमोर आली. तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित केले. सोनेरी केसांच्या देवीचे नाव लाभलेल्या या मासोळीकडे कोणी पाय मागत नाही, गंध मागत नाही. तिने आपल्या पाण्यात राहावे, एवढीच अपेक्षा आहे. छोट्या जलपरीला आणि मत्स्यगंधेला ही मुभा मिळाली नव्हती.