धोटा, झटका आणि पांजणीवरच्या गप्पा

भंडारा म्हटले की धान, तलाव आणि पितळेची भांडी आठवतात. मला मात्र आधी आठवतो तो मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्टी वस्त्यांतला मागाचा ठोका. या विणकरांशी बोलत बसण्याचा मला जुना नाद आहे. इतिहासाच्या कागदांत जे सापडत नाही, ते पुष्कळदा मला या बोलण्यात सापडले.

आपल्यापैकी अनेकांनी पांजणी पाहिली नसेल. विणण्यापूर्वी ताण्याचे सूत गल्लीत लांबच लांब पसरायचे, त्याला पेजेची खळ लावायची आणि कुंचा फिरवून धागा न् धागा मोकळा करायचा. ऊन चढण्याआधी हे उरकावे लागते. एका घराच्या हातांनी ते होत नाही, म्हणून शेजारी मदतीला येतात. हात कामात आणि तोंड मोकळे! मग निघतात कामाच्याच गोष्टी. खळ पातळ बरी की घट्ट? पावसाळी हवेत सूत कसे सांभाळावे? फणी कोणाकडून भरून घ्यावी? धोटा जड असावा की हलका? प्रत्येकाचे मत ठाम आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारीही तितकीच. ना पुस्तक, ना फळा. कोष्ट्यांच्या पोरांची पहिली शाळा हीच.

या गप्पांत एक वाद फार जुना आहे, तो धोट्याचा. पूर्वी विणकर धोटा एका हाताने फेकत आणि दुसऱ्या हाताने झेलत. हात पोहोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. 1733 साली इंग्लंडमध्ये जॉन के याने नवी युक्ती काढली. फणीच्या चौकटीला दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या, दोरीला झटका दिला की धोटा आपोआप या टोकाकडून त्या टोकाला धावतो. एक हात मोकळा राहतो, काम जवळपास दुप्पट होते. आपल्याकडे याला झटका माग म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतिक सरकारांनी त्याचा प्रसार आरंभला. विणकर नवे अवजार घेत नाहीत, जुनी सवय सोडत नाहीत, ही तक्रार तेव्हाच्या सरकारी लिखाणात वरचेवर भेटते.

पण खरेच ते इतके हट्टी होते का? 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत एकसारखे आणि स्वस्त. विदर्भातल्या कोष्ट्यांनी ते मागावर चढवायला फार वेळ घेतला नाही. मग धोट्यापाशीच त्यांचे पाऊल का अडखळले?

याचे उत्तर मला करवती काठाने दिले. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला हा काठ म्हणजे आपल्याकडच्या टसर साडीची ओळख. अंग टसराचे, काठ सुताचा. त्यासाठी तीन धोटे लागतात. दोन काठांना दोन आणि अंगाला एक. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवावा लागतो. पेटीतून सुसाट धावणाऱ्या एकट्या धोट्याला हे कसे जमावे? एका वयोवृद्ध विणकराने मला एका वाक्यात सांगितले, “झटका धोतरापाशी बरा, करवतीपाशी नाही जमत गा.” साध्या कापडाला झटका, करवतीला हातधोटा, असा निवाडा गल्लीत केव्हाच झाला होता. अवजार नवे की जुने हे न पाहता ते कोणत्या कापडाला लागते आहे, हे त्यांनी पाहिले.

तरीही या गल्लीच्या शहाणपणाला मी डोळे मिटून नमस्कार करणार नाही. टसराचा कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर होतो. आपल्या भागात ढिवर समाजाची कुटुंबे तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली. कोसा उकळल्यावर त्याचा धागा काढायचे काम बायकांचे. उघड्या मांडीवर तळहाताने धागा वळायचा. मांडीची कातडी सोलवटते, पाठ धरते. अवजार म्हणजे स्वतःचे शरीरच! धोट्याच्या वजनावर तावातावाने बोलणाऱ्या पांजणीवर या मांडीचा विषय निघाल्याचे मला कोणी सांगितले नाही. केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडच्या वर्षांत ‘बुनियाद’ नावाचे यंत्र पुढे आणले, ते या मांडीवरच्या कामाला पर्याय म्हणून. एका बाईला मी विचारले, हाताच्या धाग्याची सर यंत्राला येते का? ती हसली आणि म्हणाली, “धाग्याचं तुम्ही बोला, मांडी माझी आहे.”

तेव्हापासून अवजारांचा इतिहास वाचताना मी दोन प्रश्न जवळ ठेवतो. हे अवजार कोणत्या कापडासाठी? आणि ते कोणाच्या अंगावर चालते? पहिल्याचे उत्तर पांजणीवरच्या पुरुषांनी नेमके दिले होते. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. आता माग कमी झाले, पांजणीला माणसे जमत नाहीत. जिथे दोन-चार माग अजून वाजतात, तिथे जाऊन बसावे, ऐकावे आणि जमेल तेवढे लिहून ठेवावे. फक्त ओट्यावरून उठताना घराच्या आतही एकदा डोकावावे. मांडीवर धागा वळणारीचे मतही त्या वहीत यायला हवे.