जमिनीवरचा हक्क आणि जमिनीखालचा

इक्वादोर देशाच्या पूर्वेस, अँडीज पर्वताच्या पायथ्यापलीकडे जें दाट अरण्य पसरलें आहे, त्यांतून बोबोनासा नांवाची नदी वाहते. तिच्या कांठीं किच्वा लोकांचें सारायाकू हें गांव आहे. या नांवाचा अर्थ ‘मक्याची नदी’. लोकवस्ती सुमारें बाराशें. होडीनें किंवा लहान विमानानें तेथें जावें लागतें. अशा आडबाजूच्या गांवानें आपल्याच सरकारास आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढें उभें केलें, ती हकीकत आज श्रोत्यांस सांगावयाची आहे.

भांडणाचें मूळ एका कागदांत होतें. १९९२ सालच्या एप्रिलांत पास्तासा प्रांतांतील अरण्यवासी, बायकामुलांसह, पुयो गांवाहून डोंगर चढत राजधानी कीटोपर्यंत पायीं गेले. मे महिन्यांत सरकारनें त्यांना जमिनीचा मालकीपट्टा दिला. पण त्यांत एक मेख होती. जमीन लोकांची, जमिनीखालील खनिजें सरकारचीं! हा दंडक फार जुना. स्पॅनिश अमदानींत खाणी राजाच्या समजल्या जात. राजा गेला, प्रजासत्ताक आलें. खाणी मात्र प्रजेच्या झाल्या नाहींत.

चारच वर्षांनीं, १९९६ मध्यें, सरकारनें एका अर्जेंटिनी कंपनीस तेलशोधासाठीं दोन लक्ष हेक्टर मुलूख करारानें दिला. त्यांतील शेंकडा ६५ भाग सारायाकूचा. गांवास कोणीं विचारलें नाहीं. पुढें कंपनीनें विकासकामांसाठीं ६०,००० डॉलर देऊं केले. गांवसभेनें ते नाकारले. उत्तरेकडील अरण्यांत १९६७ मध्यें तेल लागल्यापासून तेथील ओढ्यांची काय दशा झाली, हें या लोकांस पुरतें ठाऊक होतें.

२००२ च्या अखेरीस कंपनीचीं माणसें रानांत शिरलीं. भूगर्भांतील तेलाचा ठाव घेण्याची रीत अशी, कीं जमिनींत भोंकें पाडून सुरुंग उडवावयाचे आणि खडकांवरून परतणाऱ्या लहरी यंत्रानें टिपावयाच्या. गांवानें शाळा बंद केली, मळ्यांतील कामें टाकलीं आणि सरहद्दीवर ‘शांतता व जीवन’ या नांवाचे तळ ठोकले. बायका, मुलें, म्हातारे, सगळेच तेथें राहिले. सांठ्यांतील अन्न संपलें, तेव्हां रानांत मिळेल त्यावर दिवस काढले. वकिलांचे युक्तिवाद मागाहून आले. माझ्या मतें या लढ्याचें खरें मोल त्या उपासाच्या महिन्यांत दिलें गेलें. २००३ च्या फेब्रुवारींत काम थांबलें. तोंवर १,४०० किलोंहून अधिक पेंटोलाइट हें स्फोटक त्यांच्या शिकारीच्या रानांत पेरलें गेलें होतें.

त्याच वर्षीं गांवानें आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आदिवासींचा सल्ला घेणें बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार इक्वादोरनें १९९८ मध्यें स्वीकारला. तेलाचा करार त्यापूर्वींचा, म्हणून तो नियम लागू नाहीं, असा सरकारचा बचाव होता. तो टिकला नाहीं. एप्रिल २०१२ मध्यें न्यायासनाचें मंडळ स्वतः सारायाकूस गेलें. न्यायासनाच्या इतिहासांत असें प्रथमच घडत होतें. सरकारच्या प्रतिनिधीनें ग्रामस्थांसमक्ष जबाबदारी कबूल केली. २७ जून २०१२ च्या निवाड्यानें भरपाई ठरविली आणि यापुढें अशा कोणत्याही कामापूर्वीं गांवाचा सल्ला घ्यावा, असें बजावलें.

जमिनीखालच्या मालकीस मात्र निवाड्यानें हात लावला नाहीं. तेल सरकारचेंच राहिलें. स्फोटकांपैकीं निवाड्यापूर्वीं जेमतेम १४ किलो बाहेर निघालें होतें. बाकीचा बहुतेक सांठा सुमारें बारा मीटर खोल पुरलेला होता.