इंग्लंडची देखणी खेडी : बघायला जाल तेव्हा



मधाच्या रंगाची दगडी घरं, दारावर चढलेले गुलाबाचे वेल, शेजारून वाहणारा ओढा आणि त्यात पोहणारी बदकं. इंग्लंडमधल्या खेड्यांची अशी चित्रं कॅलेंडरवर आणि मोबाईलवर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आता कुणाची लेक तिकडं शिकायला असते, कुणाचा भाचा नोकरीला. घरची माणसं भेटायला गेली की लंडन बघून झाल्यावर म्हणतात, "एखादं खेडं दाखव की." आजचं बोलणं त्या सहलीच्या बेताविषयी आहे. कुठं जायचं ते सांगतेच. पण तिथं गेल्यावर काय बघायचं, त्यावर जास्त बोलणार आहे. ती घरं कुणाच्या कष्टावर उभी राहिली आणि इतकी वर्षं तशीच का राहिली, हे त्या चित्रांवर लिहिलेलं नसतं.

आधी बेत. मे ते सप्टेंबर हा काळ बरा, दिवस मोठा असतो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून आगगाडीनं चिपनमला उतरायचं. तिथून जवळच लेकॉक नावाचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला कॉट्सवोल्डच्या टेकड्या सुरू होतात, त्यात बायबरी. तिसरं गाव मिल्टन ॲबस. ते दक्षिणेला डॉर्सेट जिल्ह्यात, त्याला वेगळा दिवस ठेवावा. खेड्यांत बस कमी असतात, रविवारी तर फारच कमी. म्हणून परतीची बस आधी बघून ठेवायची. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायची, या घरांत माणसं राहतात. खिडकीतून आत डोकावायचं नाही.

लेकॉकपासून सुरुवात करू. या गावाच्या इतिहासाच्या दोन टोकांना दोन बायका उभ्या आहेत. पहिली एला, सॉल्सबरीची सरदारीण. नवरा वारल्यावर ती विल्टशायर परगण्याची शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार पाहणारी अधिकारी झाली. तेराव्या शतकात बाईकडे हे पद! 1232 मध्ये तिनं लेकॉकला ननांचा मठ स्थापन केला आणि पुढं स्वतःच त्याची प्रमुख झाली. मठाच्या जमिनी होत्या, मेंढ्या होत्या. त्याच्या आधारानं गाव वाढलं.

1539 मध्ये आठव्या हेन्री राजानं इतर मठांसारखा हाही मठ बंद केला. इमारत आणि गाव खाजगी मालकीचं झालं. पुढं ते टॉल्बट घराण्याकडे आलं. या घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी 1835 मध्ये याच घराच्या एका खिडकीचं छायाचित्र घेतलं. कॅमेऱ्यानं काढलेली, आज शिल्लक असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. ही खिडकी आजही दाखवतात. त्यांची नात मटिल्डा टॉल्बट ही दुसरी बाई. तिनं 1944 मध्ये मठाची इमारत आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. जुन्या वास्तू आणि मोकळ्या जागा जपणारी ही संस्था 1895 मध्ये स्थापन झाली. तिच्या तीन संस्थापकांत ऑक्टेव्हिया हिल ही बाई होती. म्हणून लेकॉकमध्ये आज नवी बांधकामं दिसत नाहीत, आणि जुन्या काळावरच्या सिनेमांचं शूटिंग तिथं होतं.

आता बायबरी. तिथली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त फोटो निघणाऱ्या जागांपैकी एक. पण मुळात ती घरं नव्हतीच. 1380 च्या सुमारास मठाची लोकर साठवायला बांधलेलं ते कोठार. त्या काळी लोकर हे इंग्लंडचं सोनं होतं. लंडनच्या संसदेत वरच्या सभागृहाचे अध्यक्ष आजही लोकरीनं भरलेल्या गादीवर बसतात, ती त्याचीच आठवण. सतराव्या शतकात त्या कोठाराची विणकरांसाठी छोटी छोटी घरं केली. विणलेलं कापड जवळच्या गिरणीत धुऊन, कुटून घट्ट करायचं, मग समोरच्या पाणथळ कुरणात चौकटींवर ताणून वाळवायचं. त्या कुरणाला अजून 'रॅक आयल', म्हणजे चौकटींचं बेट म्हणतात.

माग बहुतेक पुरुष चालवत. पण सूत कोण कातत होतं? बायका आणि मुली. एका मागाला पुरेल एवढं सूत द्यायला कितीतरी चरखे लागत. व्यापाऱ्याचा माणूस लोकर घरी आणून टाकायचा, कातलेलं सूत वजन करून न्यायचा आणि त्यावर पैसे द्यायचा. दर तो ठरवणार, वजन तोच करणार. घरी विड्या वळणाऱ्या आपल्या बहिणींना ही रीत समजावून सांगायला नको. तरी चार पैसे बाईच्या हातात येत होते. इंग्रजीत लग्न न झालेल्या बाईला 'स्पिन्स्टर' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ कातणारी बाई.

मग अठराव्या शतकात यंत्रं आली. 1764 च्या सुमारास जेम्स हारग्रीव्ह्ज यांनी एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारं यंत्र काढलं. आधी कापसाचं आणि नंतर लोकरीचं सूतही यंत्रावर निघू लागलं, आणि घरातला चरखा बंद पडला. लोकरीच्या मोठ्या गिरण्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये वाढल्या, कारण तिथं कोळसा होता. कॉट्सवोल्डच्या बऱ्याच खेड्यांचं काम गेलं.

याच सुमाराला गावाची गायरानंही जात होती. संसदेत कायदे करून सामायिक जमिनींना कुंपणं घातली गेली. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन त्यात आली. इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त! काही जणांना बदल्यात जमिनीचा तुकडा मिळाला, पण ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्या हाती काही लागलं नाही. गाय चारणं, बदकं पाळणं, सरपण गोळा करणं, यावर बाईचं अर्धं घर चालत होतं. ते एका फटक्यात परक्याच्या मालकीचं झालं.

सरव्याचंही तेच. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं आपल्याकडे वेचतात, तशी तिथंही बायका आणि मुलं वेचत. त्यावर घरात काही आठवड्यांचं पीठ साठायचं. सफोक परगण्यात टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईनं सरवा वेचला म्हणून शेतमालकानं खटला भरला. 1788 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्यानं हक्क होत नाही. तरीही पुढची कित्येक वर्षं बऱ्याच गावांत बायका रिवाज म्हणून सरवा वेचतच राहिल्या.

काम गेलं, गायरान गेलं. पैसा नाही, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधणं कुणाला जमलं नाही. जी खेडी आज "जशीच्या तशी" वाटतात, त्यातली पुष्कळशी गरिबीमुळे तशी राहिली. पुढं शहरातल्या पैसेवाल्यांना ती आवडू लागली. अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड यांनी तर 1930 मध्ये याच भागातल्या चेडवर्थ गावचं एक दगडी घर उतरवून, दगड मोजून, जहाजानं आपल्या संग्रहालयात नेलं. आज या घरांच्या किमती एवढ्या झाल्यात की गावातल्याच कामकरी पोरांना गावात घर घेणं अवघड आहे.

तिसरं गाव मिल्टन ॲबस. एका उतरत्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवतानं शाकारलेली, एकसारखी पांढरी घरं, पुढं हिरवळ. दिसायला तिन्हींत सुंदर. पण हे गाव मुळात इथं नव्हतं. जोसेफ डेमर नावाच्या उमरावाच्या वाड्याशेजारी मिडलटन नावाचं बाजारपेठेचं गाव होतं. ते त्याला आपल्या बागेच्या देखाव्यात नको होतं. त्यानं हळूहळू अख्खं गाव पाडलं आणि 1780 च्या सुमारास लोकांना लांबच्या दरीत नव्या घरांत बसवलं. चित्रात एक टुमदार घर दिसतं ना, त्या एकेका घरात दोन कुटुंबं कोंबलेली होती.

शेवटी एक जागा, जी सहलीच्या पुस्तकात बहुधा नसते. बऱ्याच खेड्यांत साधी सभागृहं असतात आणि तिथं विमेन्स इन्स्टिट्यूट नावाची बायकांची मंडळं भरतात. ही चळवळ 1897 मध्ये कॅनडात सुरू झाली आणि 1915 मध्ये ब्रिटनमध्ये आली. पहिलं मंडळ वेल्समध्ये निघालं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्येही. महायुद्ध चालू होतं, अन्नाची टंचाई होती. बायकांनी भाज्या पिकवल्या, फळं टिकवली. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. मंडळाची समिती बायका गुप्त मतदानानं निवडत. वाड्यावरच्या बाईसाहेबांना एक मत आणि त्यांच्याकडे भांडी घासणारीलाही एकच. त्या वेळी देशाच्या निवडणुकीत बाईला मत नव्हतं. 1918 मध्ये तिशीपुढच्या काही बायकांना ते मिळालं आणि पुरुषांच्या बरोबरीनं सगळ्यांना मिळायला 1928 उजाडलं.

तर तुमच्यापैकी कुणी गेलंच, तर फोटो जरूर काढा. पण घरासमोर उभं राहून विचारा : हे कशासाठी बांधलं होतं? इथली बाई काय काम करायची आणि पैसे कोण ठरवायचं? शेजारची मोकळी जमीन कुणाची होती, आणि आता कुणाची आहे? आणि सभागृहाच्या दारावर बैठकीची वेळ लिहिलेली असेल, तर आत जाऊन "आम्हीही गटातल्या बायका आहोत" असं सांगा. दुभाष्याला लेक बरोबर असेलच. परत आलात की गटाच्या बैठकीत आम्हालाही सांगा.